साडूचं कमिशन आणि कुंदाचे गुडघे

माझी बायपास झालेली आहे. छातीवर गळ्याखालून सुरू होणारी उभी शिवण आहे आणि शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं की रिक्षावालेसुद्धा आरशात बघून विचारतात, "अंकल, बायपास?" मी हो म्हणतो. मग लगेच दुसरा प्रश्न येतो. "मेडिक्लेम था ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्याचं देता येत नाही, आणि तोपर्यंत भाईंदर स्टेशन येतं. म्हणून हे लिहितोय. ज्यांना हृदयाविषयी वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे वाचावं, मला त्यातलं काही कळत नाही. विम्यातलं मात्र सगळं कळतं असा माझा समज होता. बायपास हृदयाची झाली, पण दुखणं त्या समजाचं होतं.

चौथा मजला

सुरुवात कुंदाच्या गुडघ्यांपासून करायला हवी. कुंदा म्हणजे माझी बायको. आम्ही लालबागची खोली विकून भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या रस्त्यावर जागा घेतली तेव्हा मी एक तक्ता केला होता. पहिला मजला महाग आणि डासांचा, चौथा स्वस्त आणि वाऱ्याचा. बिल्डर म्हणाला लिफ्ट येतेच आहे. लिफ्टची उभी विहीर खरंच बांधलेली होती. आज तिच्यात सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचे बांबू ठेवतात. वारा मात्र भरपूर आहे, बिल्डर त्या बाबतीत खोटं बोलला नाही.

त्या जिन्याने कुंदाचे दोन्ही गुडघे खाल्ले. हाडाच्या डॉक्टरने सांगितलं, वाट्या बदलाव्या लागतील. आज नको, पण फार लांबवू नका. तेव्हा मी निवृत्त झालो होतो. ऑफिसातून मिळालेल्या पैशांतली एक ठेव आम्ही कुंदाच्या नावावर वेगळी ठेवली आणि घरात तिचं नावच पडलं: गुडघे. "गुडघ्यांचं व्याज आलं का?" असं आम्ही सहज बोलायचो.

त्याशिवाय मेडिक्लेम होताच. एका सरकारी कंपनीचा, दोघांच्या नावावर, मी पन्नाशीत शिरलो तेव्हापासून एकही वर्ष न चुकवता चाललेला. तो दिला होता प्रकाशने.

प्रकाश

प्रकाश माझा साडू, कुंदाच्या धाकट्या बहिणीचा, नलिनीचा नवरा. राहतो काशीगावात, हायवेच्या बाजूला. नोकरीत असल्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर एजन्सी घेता येत नव्हती, म्हणून ती नलिनीच्या नावावर. अशा नलिनी प्रत्येक घराण्यात एक असते. सह्या तिच्या, बडबड त्याची.

हा माणूस बारशाला आला तरी पाळण्यापेक्षा बापाकडे जास्त बघायचा. माझ्या घरी साबुदाण्याचे वडे खाता खाता म्हणायचा, "अण्णा, हप्त्याची तारीख जवळ आली हां." मी चेक द्यायचो, तो घडी करून खिशात ठेवायचा आणि आणखी एक वडा घ्यायचा. हे मी दहा-अकरा वर्षं सहन केलं. मग एके दिवशी त्यांच्या घरी नवीन वॉशिंग मशीन आलं. पूर्ण ऑटोमॅटिक. नलिनीने आम्हाला मुद्दाम बोलावून चालू करून दाखवलं. पांढरे कपडे काचेमागे गरगर फिरत होते आणि मला त्यात माझे चेक फिरताना दिसत होते.

घरी येताना रिक्षात मी कुंदाला म्हटलं, "पुढच्या वर्षी पॉलिसी बदलायची."

"का? काय वाईट आहे हिच्यात?"

"बाजारात आता खाजगी कंपन्या आल्यात. तुलना करून बघायला नको?"

"तुम्हाला प्रकाशभावोजींचं मशीन खुपतंय," कुंदा म्हणाली. "सरळ सांगा की."

तक्ता

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पट्टीने रेघा मारल्या. डाव्या बाजूला कंपन्या, वर फायदे. खोलीचं भाडं किती देतात. अॅम्ब्युलन्सचे देतात का. वर्षातून एकदा फुकट तपासणी आहे का. कॅशलेस कार्ड आहे का, म्हणजे हॉस्पिटलात कार्ड दाखवायचं आणि खिशात हात घालायचा नाही. फोन केला तर माणूस उचलतो की टेप. प्रत्येक रकान्याला मी गुण दिले. सरकारी कंपनीला फोनच्या रकान्यात शून्य दिलं. "एजंटचा स्वभाव" असाही एक रकाना काढला आणि तिथे उणे गुण दिले. मी हिशेबाच्या खात्यात जन्म काढलेला माणूस, निकाल काय हवा हे एकदा ठरलं की आकडे कसे बसवायचे ते मला शिकवावं लागत नाही.

एक खाजगी कंपनी पहिली आली. हप्ता थोडा कमी, माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनाऱ्यावर धावताना. दोघांचे गुडघे ठणठणीत. त्या फोटोवरच माझं निम्मं समाधान झालं.

जो रकाना मी काढलाच नाही तो असा: जुन्या कंपनीत माझी जी वर्षं जमली होती त्यांचं काय? उत्तर: काही नाही. ती तिथेच राहतात. त्या काळी कंपनी बदलली की तुम्ही नव्या नवरीसारखे उंबरठ्यावर. आधीपासून असलेला आजार कितीतरी वर्षं चालणार नाही. गुडघे बदलायचे तर तेही कितीतरी वर्षं थांबा. जुन्या पॉलिसीत ही सगळी थांबायची वर्षं कधीच सरली होती. हे नव्या पॉलिसीत स्वच्छ छापलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण अक्षर बारीक होतं आणि माझा आनंद मोठा होता.

नव्या कंपनीच्या डॉक्टरने माझी तपासणी केली, बीपी मोजलं आणि म्हणाला, "एकदम नॉर्मल, काका." प्रकाशला मी फोनवर कळवलं. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, मला कमिशन देऊ नका, पण पॉलिसी सोडू नका." मी म्हटलं, बघा, शेवटी कमिशनचा विषय काढलाच. नलिनीने त्या दिवाळीला फराळाचा डबा पाठवला नाही.

करंज्या

दुसऱ्या वर्षी एका नेहमीच्या तपासणीत मला बीपी निघालं. अगदी थोडं. आमच्या डॉक्टरांनी सकाळी एक गोळी सुरू केली. मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. ऑफिसात साहेब लोकांना बीपी असायचं.

पुढे काही महिन्यांनी नलिनीचा राग ओसरला आणि तिने आम्हाला जेवायला बोलावलं. पानात करंज्या वाढलेल्या, प्रकाश समोर बसून आपल्याला विमा कंपनीकडून मिळालेल्या कुठल्याशा ढालीची हकिगत सांगतोय, आणि माझ्या छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. मला वाटलं, हे प्रकाशच्या बोलण्याने होतंय. मी पित्ताची गोळी मागितली. घाम पानात पडायला लागला तेव्हा प्रकाश बोलायचा थांबला. तो थांबला यावरूनच मला कळायला हवं होतं.

"रिक्षा!" तो गॅलरीतून ओरडला. "ए भाई, रुक, पेशंट है!"

रिक्षात एका बाजूला कुंदा, दुसऱ्या बाजूला प्रकाश. तो माझा हात धरून होता, तो मी सोडवून घेतला आणि खिशातलं कॅशलेस कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. हो, त्या अवस्थेत. मरायचंच असेल तर त्याला कार्ड दाखवून मरू असं मला वाटलं. माणसाला शेवटच्या क्षणी देव आठवतो म्हणतात, मला साडू जिंकायचा होता.

विनोद

हायवेवरच्या हॉस्पिटलात मला आडवं केलं, छातीला वायरी चिकटवल्या, जिभेखाली काहीतरी ठेवलं. दुखणं उतरलं. दुखणं उतरलं की मी बोलायला लागतो, हा माझा जुना रोग आहे. एक कोवळी डॉक्टरीण कागद घेऊन आली.

"काका, बीपी आहे?"

"आहे."

"किती वर्षांपासून?"

आता, चार-पाच महिने म्हणायला काय झालं होतं? पण चार-पाच महिन्यांचं बीपी म्हणजे काय बीपी? मी म्हटलं, "अहो, दहा वर्षं झाली असतील. आमचं बीपी आता शाळेत जातं."

ती हसली. नर्स हसली. घाबरलेल्या माणसाला दोन बायका हसल्या की बरं वाटतं. डॉक्टरणीने कागदावर काहीतरी लिहिलं. शाळेचं लिहिलं नाही, दहा वर्षांचं लिहिलं.

कार्ड

नळ्या तुंबलेल्या निघाल्या. एक नाही, तीन. दोन दिवसांत उघडायचं ठरलं. कार्ड घेऊन कुंदा काउंटरवर गेली. कंपनी आणि आपण यांच्यामध्ये एक मधली कचेरी असते, तिला टीपीए म्हणतात. कंपनीला नाही म्हणायची लाज वाटू नये म्हणून ती ठेवलेली असते, असं माझं मत आहे. हॉस्पिटलाने माझे कागद तिकडे पाठवले. तिकडून उत्तर आलं: आजार पॉलिसीच्या आधीचा, कॅशलेस मिळणार नाही.

"मॅडम, डिपॉझिट भरना पडेगा," काउंटरवरचा म्हणाला.

"ये कार्ड है ना?" कुंदा म्हणाली.

"कार्ड है, अप्रूवल नहीं है."

कुंदा माझ्या खाटेपाशी आली. काय झालं ते तिने सांगितलं आणि मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "झोपेचं सोंग नको. मी गुडघे मोडतेय."

"नको," मी म्हटलं. "कुंदा, नको."

"गुडघे कुठे पळून जातायत? पळता आलं असतं तर ऑपरेशन कशाला लागलं असतं?"

ती हसली नाही. मीही नाही. बँकेत ती प्रकाशबरोबर गेली.

आत

ऑपरेशननंतरच्या खोलीविषयी लोक मला विचारतात. तिथे भीती वाटते. शूरपणाच्या कोणी गप्पा मारल्या तर विश्वास ठेवू नका. नळ्या असतात, घसा सुकलेला असतो, पाणी देत नाहीत, खोकला आला की छाती दुभंगेल असं वाटतं आणि ते मुद्दाम खोकायला सांगतात. खोकताना छातीशी धरायला एक उशी देतात. मी ती उशी म्हणजे नव्या कंपनीचा मॅनेजर आहे असं समजून आवळायचो. फुप्फुसं लवकर साफ झाली.

तिथे चौकगावची एक मावशी होती, साफसफाईला. एकदा मी रडत होतो. दुखण्यानं नाही, कुंदाच्या पैशांनी. ती पुसता पुसता थांबली.

"काय रं बाबा, भ्या वाटतंय?"

मी मान हलवली.

"सकाळधरनं बगतंय मी. सिस्टरला कचकच, डाक्टरला कचकच, च्या देत न्हायत म्हनून कचकच. येवडं बोलनारं मानूस मरत न्हाय." आणि तिने ओल्या कापसाने माझे ओठ पुसले. पाणी देऊ नका असं सांगितलेलं होतं, ओठ पुसू नका असं कोणी सांगितलं नव्हतं. त्या ओलाव्याची चव मला अजून आठवते.

नकार

घरी आलो. म्हणजे मला खुर्चीवर बसवून चार पोरांनी वर नेलं, आणि कुंदा मागून कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आली. वर पोचल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. घरातलं भांडण आवाजाचं असलं तर बरं असतं.

सगळी बिलं जोडून मी कंपनीकडे पैसे मागितले. फोन केला की एक मुलगी फार गोड बोलायची. माझ्या तक्त्यात या कंपनीला फोनच्या रकान्यात पैकीच्या पैकी होते. "सर, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." कॉल महत्त्वाचा होता, मी नव्हतो. शेवटी पत्र आलं. रुग्णाने स्वतः दिलेल्या माहितीनुसार रक्तदाब दहा वर्षांपासून, तो लपवला, दावा नामंजूर.

जुन्या पॉलिसीत असतो तर दहाच काय, शाळेत जाणारं ते बीपी मॅट्रिक झालं असतं तरी कोणी विचारलं नसतं.

नलिनीला घेऊन प्रकाश मला बघायला आला तेव्हा मी त्याला पत्र दाखवलं. त्याने वाचलं, चष्मा काढला आणि इतका हसला की नलिनी धावत आली.

"अण्णा, म्हणजे आयुष्यभर फेकलंत, आणि पहिल्यांदा कोणीतरी विश्वास ठेवला!"

"हसू नका," कुंदा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "भावोजी, ते माझे गुडघे आहेत."

प्रकाश हसायचा थांबला. मग त्याने विचारलं, "पॉलिसी देताना त्यांच्या डॉक्टरने बीपी मोजलं होतं ना?"

सुनावणी

विम्याच्या तक्रारी ऐकायला मुंबईत लोकपालांचं कार्यालय असतं. वकील लागत नाही. अर्ज केला, तारीख मिळाली. कंपनीतर्फे टाय लावलेला एक तरुण आला होता. समोर बसलेल्या अधिकारी बाईंनी हॉस्पिटलचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"दहा वर्षं, असं आपणच सांगितलंत?"

"सांगितलं, मॅडम. पण ते खरं नव्हतं."

"मग खोटं का सांगितलंत?"

"खोटं नाही, मॅडम. रंगवून."

टायवाला म्हणाला, "मॅडम, पेशंटला स्वतःबद्दल खोटं बोलायचं काही कारण नाही."

"मी बोलू का?" मागून प्रकाश उठला. "मी यांचा साडू."

"बोला."

मला त्याचा चेहरा अजून दिसतो. वीस-पंचवीस वर्षांची भूक समोर पंगत वाढलेली बघत होती.

"मॅडम, या गृहस्थांना कारण लागत नाही. यांना एकदा कुत्रा चावला. पिल्लू होतं, मी स्वतः बघितलं. घरी पोचेपर्यंत त्याचा अल्सेशियन झाला आणि माझ्या बायकोच्या डोहाळजेवणात लांडगा. उत्तनच्या बसमध्ये यांना बसायला जागा मिळाली, तर घरी सांगितलं की ड्रायव्हर उठून स्वतःची सीट देत होता. ऑफिसात हे हेडक्लार्क होते, मॅडम. यांच्या तोंडून ऐकाल तर कंपनीचे मालक यांना विचारून शिंकायचे."

"प्रकाशराव, पुरे," मी म्हटलं.

"पुरे काय? तुमच्याच भल्याचं बोलतोय." तो बाईंकडे वळला. "मॅडम, या माणसाने दहा म्हटलं ना, त्याला दहाने भागा. तरी उरलं तर मला विचारा."

बाईंनी पेन ओठांवर धरलं होतं, पण खांदे हलत होते. मग त्यांनी कंपनीचीच फाइल उघडली आणि टायवाल्याला विचारलं, "तुमच्या डॉक्टरांनी पॉलिसी देताना तपासलं, रक्तदाब नॉर्मल लिहिला. तेव्हा तुमचा डॉक्टर चुकला होता की आता तुम्ही चुकताय?"

टायवाला पानं उलटत राहिला. आमच्या डॉक्टरांचा दाखला मी पुढे केला. गोळी कधी सुरू झाली ते त्यात होतं. बाई म्हणाल्या, निकाल पोस्टाने येईल.

बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा कुंदा चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. "काय झालं?" ती वरून ओरडली.

"कुंदाताई, सिद्ध झालं!" प्रकाश खालून ओरडला. "अण्णा फेकू आहेत! सरकारी दप्तरात लागलं!"

सगळ्या मजल्यांवर माणसं बाहेर आली.

"ते मला लग्नापासून माहितीये," कुंदा ओरडली. "पैसे मिळणार का ते सांगा!"

शेवटचा हप्ता

मिळाले. थोडे कापून, पण मिळाले. मी त्या दिवशी पेढे वाटले. पेढे संपायच्या आत कंपनीचं आणखी एक पत्र आलं: आपली पॉलिसी पुढे चालू ठेवता येणार नाही. कारण नाही. पांढऱ्या केसांचं ते जोडपं किनाऱ्यावर का धावत होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यामागे हीच कंपनी लागली असणार.

आता मला कोणी घेत नाही. तीन जोडण्या लावलेलं हृदय कोण घेईल? कुंदाला प्रकाशने जुन्या सरकारी कंपनीत नव्याने घातलं. पहिली इयत्ता, गुडघे वगळून. चेक मीच लिहिला. प्रकाशने घडी केली, खिशात ठेवला आणि वड्यांच्या ताटलीकडे बघितलं. मी ताटली त्याच्यापुढे सरकवली. तो माणूस मला आजही सहन होत नाही, आणि पुढची सगळी वर्षं तो माझ्याकडे वडे खाणार आहे.

साठीच्या पुढच्यांनो, तुलना जरूर करा. पण हप्ता आणि अॅम्ब्युलन्स बघण्याआधी एवढंच बघा, की तुमची किती वर्षं कुठे जमलीत, आणि ती सोडायला तुम्हाला नक्की कोणाचा राग भाग पाडतोय. आणि हॉस्पिटलात विनोद करू नका. तिथे ते लिहून घेतात.

परत मिळालेल्या पैशांचे पुन्हा गुडघे झाले. ठेव नव्हे, खरे. आधी उजवा. भरती करताना एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. कुंदा खाटेवर, मी आणि प्रकाश उभे.

"काकू, गुडघे किती वर्षांपासून दुखतात?"

मी तोंड उघडलं. प्रकाश खोकला. कुंदाने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं. इथे कंपनी नव्हती, कार्ड नव्हतं, सगळे पैसे आम्हीच भरणार होतो, त्यामुळे खरं सांगायला काही हरकत नव्हती.

"यांनी तक्ता करून चौथा मजला घेतला," कुंदा म्हणाली, "तेव्हापासून."

डॉक्टरने मान खाली घातली आणि लिहून घेतलं.